हातोडा आणि ठसा

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात चित्रकार हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना गेलं. रुपयांत ११८ कोटींच्या आसपास. त्याआधी आधुनिक भारतीय चित्राला लिलावात मिळालेल्या सर्वोच्च किमतीच्या जवळजवळ दुप्पट. वर्तमानपत्रांनी आकडा मथळ्यात घेतला, ते साहजिकच. मला मात्र त्या चित्राचा मधला मुक्काम जास्त बोलका वाटतो. १९५४ साली दिल्लीत नोकरीला असलेल्या एका परदेशी डॉक्टरने ते विकत घेतलं आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. दळणकांडण, बैलगाडी, लेकुरवाळ्या बाया असं नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातलं खेडं जवळपास चौदा फुटांत मांडणारं हे चित्र कित्येक दशकं नॉर्वेतल्या इस्पितळात टांगलेलं होतं. इकडे दरम्यान हुसेन यांच्यावर खटले भरले गेले, त्यांनी देश सोडला, २०११ मध्ये ते लंडनला वारले. चित्राला प्रेक्षक मिळाले ते आधी ऑस्लोचे डॉक्टर आणि नंतर एकदम लिलावात बोली लावणारे. ज्याचं चित्र काढलं, तो खेड्यातला माणूस या साऱ्या प्रवासात कुठेच भेटत नाही.

‘आशियातली कला आता जोरात आहे’ असं म्हणणारे लोक साधारण असेच आकडे पुढे करतात. त्यांची यादी मोठी आणि खरीच आहे. हाँगकाँगला २०१३ पासून आर्ट बाझल हा कलामेळा भरतो. सिंगापूरने जुनं सुप्रीम कोर्ट आणि सिटी हॉल एकत्र जोडून २०१५ मध्ये राष्ट्रीय कलादालन उभं केलं. २०२१ मध्ये हाँगकाँगचं एम प्लस संग्रहालय उघडलं, २०२२ मध्ये फ्रीझ हा कलामेळा सोलला पोचला. दिल्लीचा कलामेळा २००८ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर मुंबईचाही सुरू झाला. आपल्या गायतोंडेंचं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये ६७ कोटींवर गेलं. हयातभर कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, महिनोन्‌महिने ब्रश हातात न धरणारा हा माणूस आता गुंतवणुकीच्या पुरवण्यांत झळकतो.

या यादीला मी नाकं मुरडणार नाही. पैसा येतो तेव्हा कॅटलॉग निघतात, जुन्या कॅनव्हासची निगा राखली जाते, कुणाच्या तरी माळ्यावरची कागदपत्रं अभ्यासकाच्या हाती लागतात. भाव शून्य होता तेव्हा किती चित्रं ओलीने आणि वाळवीने गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. माझं भांडण आहे ते या यादीतून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीशी. त्या गोष्टीत आशियाची कला आधी झोपलेली असते, मग बाजार येऊन तिला उठवतो. प्रत्यक्षात या खंडातले चित्रकार एकमेकांना ओळखत होते, एकमेकांकडून शिकत होते, ते बाजाराच्या कितीतरी आधी आणि फार स्वस्त साधनांनी. त्यातलं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे लाकडाची फळी.

ऑगस्ट १९३१, शांघाय. लेखक लू शुन यांनी तेरा तरुण चित्रकार गोळा केले आणि सहा दिवसांचा वुडकटचा, म्हणजे लाकडी फळी कोरून ठसे काढण्याचा, वर्ग भरवला. शिकवायला होते उचियामा काकिची, जपानातल्या शाळेत चित्रकला शिकवणारे एक मास्तर, शांघायला पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या आपल्या भावाकडे आलेले. ते जपानीत बोलत आणि लू शुन स्वतः शेजारी उभे राहून ते चिनीत सांगत. वर्ग संपल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच जपानी सैन्याने मांचुरियावर हल्ला केला. त्या तेरांतल्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या हातात पटाशी आणि शाई राहिली, आणि ती जपानविरुद्धच चालली. लू शुन यांना या माध्यमाचं आकर्षण कशासाठी होतं, हे समजणं अवघड नाही. तैलरंग महाग, कॅनव्हास महाग, शिवाय चित्र एकच निघणार. फळीवरून मात्र शेकडो ठसे निघतात, ते मासिकात छापता येतात, भिंतीला चिकटवता येतात. पोलिसांनी एक जप्त केला तरी बाकीचे फिरत राहतात. याच सुमाराला त्यांनी जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झची चित्रं चीनमध्ये छापायला सुरुवात केली. म्हणजे पश्चिमेची ओढ त्यांनाही होतीच. फरक एवढाच, की पॅरिसला आपलं चित्र लागावं म्हणून ही धडपड नव्हती. हवं ते उचलून घरच्या कामाला जुंपणं चाललं होतं.

ली हुआ यांचा १९३५ चा एक वुडकट आहे. उघडा माणूस खांबाला दोरखंडाने जखडलेला, डोळ्यांवर पट्टी, तोंड वासलेलं, एक हात चाचपडत जमिनीवरच्या सुरीकडे चाललेला. अंगाची प्रत्येक रेघ तुटक, टोकदार. फळीत हत्यार घुसवून ढलपे काढताना मनगटाला जो जोर लागतो, तो त्या रेघेत जसाच्या तसा उतरलेला दिसतो. ब्रशने ही रेघ काढता आली असती, पण तिच्यात हा हिसका आला नसता.

चीनमधले हे ठसे चाळीसच्या दशकात आपल्याकडे डाव्या चळवळीच्या वर्तुळात येऊन पोचले आणि बंगालमध्ये ते नीट पाहिले गेले. १९४३ च्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले. रस्त्यावर मरून पडलेल्या, मरू घातलेल्या माणसांची काळ्या शाईतली रेखाटनं आणि सोबत स्वतःचा वृत्तांत असं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक त्यांनी केलं. ते छापलं गेलं मुंबईत. इंग्रज सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. झैनुल आबेदिन यांनी त्याच दुष्काळाची चित्रं काढली आणि फाळणीनंतर १९४८ मध्ये ढाक्यात कलाशाळा उभारली. आजच्या बांगलादेशातल्या चित्रकलेची मुळं तिथवर जातात. ढाका आर्ट समिटची आज जगभर वाहवा होते, तेव्हा त्यामागचे धनिक आश्रयदाते आणि परदेशी क्युरेटर यांची नावं घेतली जातात. समिट भरतो मात्र सरकारी शिल्पकला अकादमीत, तिकीट नाही, आणि अलोट गर्दी लोटते. हा प्रेक्षक समिटने रातोरात जमवलेला नाही. चित्राला शिळ्या भाकरीइतकं रोजचं मानणारी एक परंपरा तिथे आधीपासून होती.

फुकुओकाच्या एशियन आर्ट म्युझियमने २०१८ च्या अखेरीस हा सगळा धागा एका प्रदर्शनात गुंफला होता. १९३० पासून अगदी अलीकडपर्यंतच्या आशियातल्या वुडकट चळवळी. चीन, जपान, बंगाल, सिंगापूर, कोरिया, फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया. हे संग्रहालय १९९९ मध्ये निघालं, आशियाच्या आधुनिक आणि समकालीन कलेला वाहिलेलं. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या झगमगाटात त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही. पण आशियातल्या देशांनी एकमेकांकडे न्यूयॉर्कच्या काचेतून न बघता थेट बघावं, हे काम त्याने इतरांच्या पुष्कळ आधी हाती घेतलं.

कोरियातलं ग्वांगजू हे या कहाणीतलं सर्वांत गुंतागुंतीचं गाव. मे १९८० मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध तिथले विद्यार्थी आणि नागरिक उठले, काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होतं, मग सैन्य शिरलं आणि शेकडो माणसं मारली गेली. चित्रकार हाँग सुंग-दाम तेव्हा त्या शहरात होते, उठावात सामील होते. नंतर वर्षानुवर्षं ते त्या दिवसांचे वुडकट कोरत राहिले. अधिकृत पातळीवर ज्या घटनेचा उच्चारही करायची चोरी होती, तिची चित्रं हातोहात फिरत होती. १९८९ मध्ये त्यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं. निमित्त होतं उत्तर कोरियात पाठवलेल्या एका भित्तिचित्राच्या स्लाइड्सचं.

मग लोकशाही आली आणि १९९५ मध्ये त्याच शहरात ग्वांगजू बिनाले सुरू झालं. उठावाची जखम झाली त्या गावाला कलेचा मोठा उत्सव द्यायचा, असा तो सरकारी मनसुबा. पहिल्याच वर्षी १६ लाखांवर लोक आले. याला नुसती रंगसफेदी म्हणून मोकळं होता येईल, आणि तेव्हा काही चित्रकारांनी तसं म्हटलंही. मला तसं म्हणवत नाही. आज आशियातलं सगळ्यात वजनदार बिनाले तेच आहे, आणि ते वजन त्याला आलं ते मे १९८० मुळे. तिथे येणाऱ्या प्रत्येक क्युरेटरला त्या महिन्याशी काहीतरी बोलावंच लागतं. शहराने उत्सव स्वीकारला तो आपल्या अटीवर.

ती अट किती टिकते हे २०१४ मध्ये कळलं. एप्रिलमध्ये सेवोल नावाची फेरीबोट बुडाली, ३०४ माणसं गेली, बहुतेक शाळकरी मुलं. त्या वर्षी बिनालेच्या विसाव्या वर्षानिमित्तच्या खास प्रदर्शनासाठी हाँग सुंग-दाम यांनी भलाथोरला पट रंगवला. १९८० चे बंडखोर नागरिक आणि एक आई मिळून बुडालेली बोट दोन्ही हातांनी वर उचलतायत. बाजूला राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे बुजगावण्याच्या रूपात, आणि त्यांना हलवणारे त्यांचे हुकूमशहा वडील. महापालिकेने हरकत घेतली. हाँग यांनी बुजगावणं काढून तिथे कोंबडी रंगवली, तरी चित्र लागलं नाही. इतर चित्रकारांनी आपली कामं उतरवली, बिनालेच्या अध्यक्षांना जावं लागलं. पुढे उघड झालं, की सरकारने ९ हजारांहून अधिक कलावंतांची काळी यादीच करून ठेवली होती. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षच पायउतार झाल्या आणि ते चित्र ग्वांगजूच्या कलासंग्रहालयात टांगलं गेलं. उत्सव कुणाचा आहे हा झगडा तिथे उघड्यावर झाला आणि चित्रकारांच्या बाजूने सुटला. प्रत्येक शहराच्या नशिबी हे नसतं.

हाँगकाँगच्या नशिबी नव्हतं. एम प्लसचा कणा म्हणजे उली झिग यांनी २०१२ मध्ये दिलेली १,४६३ चिनी कलाकृतींची देणगी. झिग हे चीनमधले स्वित्झर्लंडचे माजी राजदूत. चीनमधली संग्रहालयं ज्या कामांकडे ढुंकून बघत नव्हती, ती कामं एका स्विस माणसाने जमवावीत आणि त्याने ती चीनच्याच भूमीवर परत आणावीत, यातला विरोधाभास बाजूला ठेवू. पण संग्रहालय उघडेपर्यंत राष्ट्रीय सुरक्षा कायदा येऊन ठेपला होता. तिआनानमेन चौकाकडे मधलं बोट दाखवणारं आय वेवे यांचं छायाचित्र या संग्रहात आहे. पुढाऱ्यांनी ओरड केल्यावर ते भिंतीवर आलं नाही. जपानमध्ये २०१९ च्या आइची त्रिनालेत दडपलेल्या कलाकृतींचंच एक दालन होतं, तेच धमक्यांमुळे तीन दिवसांत बंद झालं आणि उत्सवाच्या अगदी शेवटी कसंबसं पुन्हा उघडलं. इमारती जितक्या मोठ्या तितकं त्यांचं ‘व्यवस्थापन’ नाजूक, असा हा मामला आहे. विमा, प्रायोजक, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, परदेशी पाहुणे. यांतल्या एकानेही भुवई उंचावली की भिंतीवरची एक जागा रिकामी होते. फळी घेऊन बसलेल्या माणसाला यातलं काहीच नको असतं.

याचं एक आजचं उदाहरण मलेशियाच्या साबा प्रांतात आहे. पांगरोक सुलाप हा तरुणांचा गट. नावातला पहिला शब्द म्हणजे पंक रॉकचा तिथला उच्चार, दुसरा म्हणजे शेतातली खोप. हे लोक भल्यामोठ्या फळ्या कोरतात, त्यांना शाई लावतात, वर कापड अंथरतात. मग गावकरी, पोरंबाळं, पाहुणे सगळे त्या कापडावर चढतात आणि वाजणाऱ्या गाण्यावर नाचतात. नाचणाऱ्या पायांच्या दाबाने ठसा उमटतो. प्रेसची गरज नाही. छपाई हाच गावचा कार्यक्रम. २०१७ मध्ये त्यांचा साबावरचा एक मोठा वुडकट क्वालालंपूरच्या प्रदर्शनातून तक्रारीनंतर उतरवला गेला, त्यात राजकारण आणि भ्रष्टाचारावर टोले होते म्हणून. पण फळी त्यांच्याकडेच होती.

आता याच परंपरेची काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी भाबडेपणा करतोय असं होईल. इंडोनेशियात सुहार्तो यांची राजवट कोसळली त्या १९९८ साली योग्यकार्तामध्ये तारिंग पादी हा गट उभा राहिला. तारिंग पादी म्हणजे भाताच्या लोंबीवरचं कुसळ. रिकाम्या पडलेल्या कलाशाळेच्या इमारतीत त्यांनी बस्तान मांडलं आणि वुडकट, पुठ्ठ्याच्या बाहुल्या, रंगवलेले पट घेऊन मोर्च्यांत उतरले. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटाची सूत्रं जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाकडे होती. गावाची जास्तीची साळ जिथे सामायिक साठवतात त्या धान्यकोठाराची कल्पना त्यांनी आणली: निधी वाटून घ्यायचा आणि निर्णय बसून करायचे. युरोपातल्या या सर्वांत प्रतिष्ठित प्रदर्शनाला आशियातून मिळालेलं ते सगळ्यात धीट उत्तर होतं. आणि तिथे तारिंग पादीच्या २००२ मधल्या एका पटावर ज्यूंची विद्रूप, द्वेषाने काढलेली व्यंगचित्रं निघाली. पट आधी झाकला, मग काढला, गटाने माफी मागितली, डॉक्युमेंटाच्या महासंचालिकेला पद सोडावं लागलं.

ती चित्रं वाईट होती. ‘आमच्या संदर्भात त्यांचा अर्थ वेगळा’ हा बचाव मला पटत नाही. मोर्च्यातलं चित्र घाईत काढलेलं असतं, गर्दीत खपून जातं, आणि त्याचा रोग हाच, की ते शत्रूचं तयार तोंड कुठूनही उचलून चिकटवतं. ज्या स्वस्त ठशाची मी इतका वेळ बाजू घेतोय, तो द्वेषही तितक्याच स्वस्तात छापतो. पण त्या वादात बाकीचं सगळं प्रदर्शन वाहून गेलं, हेही तितकंच खरं. तिथे आपल्या मुंबईच्या अमोल पाटील यांचं काम होतं, बांगलादेशातल्या ब्रितो ट्रस्टचं होतं. त्यांच्यावर कुणी किती लिहिलं?

आपल्या घराकडे वळू. १२ डिसेंबर २०१२ ला कोची-मुझिरिस बिनाले उघडलं. ते उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही मल्याळी, आणि दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. दुसऱ्या खेपेचे क्युरेटर जितीश कल्लाट, तिसऱ्याचे सुदर्शन शेट्टी, तेही जे. जे.चेच. सहाव्या खेपेची, २०२५ ची, धुरा गोव्यात एचएच आर्ट स्पेसेस चालवणाऱ्या निखिल चोप्रांकडे होती. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या कलाउत्सवाची जुळणी बरीचशी आपल्या किनाऱ्यावर झाली आणि तो भरतो मात्र केरळात. असं का, याचं उत्तर ‘मुंबईत जागा नाही’ एवढ्यावर उरकलं जातं. जागा कोचीतही वादातच असतात. ॲस्पिनवॉल हाउस या मुख्य वास्तूच्या मालकीचं घोंगडं किती काळ भिजत पडलं. पैशांची ओढाताण तर दर वेळची. २०२२ मध्ये ऐन उद्घाटनाच्या तोंडावर ते पुढे ढकलावं लागलं आणि वैतागलेल्या कलावंतांनी जाहीर पत्र लिहिलं. तरीही केरळमध्ये डावे येवोत की काँग्रेसवाले, सरकारचा पैसा येत राहिला, उशिरा का होईना. कारण दोघांनाही ठाऊक आहे की लोक येतात.

आणि येणारे काय बघतात? २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी ॲस्पिनवॉलच्या एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. पँटी दुमडून, साड्या वर खोचून, चपला हातात घेऊन त्या गार पाण्यातून पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जायचं. तिथे गालिप कुर्दीबद्दलचा मजकूर होता. किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या ज्या चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगाने पाहिलं, त्याचा हा भाऊ. तोही बुडाला, पण त्याचं छायाचित्र कुणी काढलं नाही. आखातात घरचं कुणी ना कुणी असलेल्या मल्याळी कुटुंबांना समुद्र ओलांडून जाणं म्हणजे काय, हे समजावून द्यावं लागत नाही. ‘सामान्य माणसाला समकालीन कला कळत नाही’ हे वाक्य मी मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये इतकं ऐकलंय की ते बोलणाऱ्यांना एकदा त्या पाण्यात उभं करायला हवं होतं.

मुंबईकडे बाजार आहे. १८५७ पासूनची कलाशाळा आहे, १९५२ पासूनचं जहांगीर कलादालन आहे, जिथे तारीख मिळवायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. मुंबईकडे नाही तो आपल्या शहराबाहेरच्या महाराष्ट्राचा विचार. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात वाढलेले, खाणकामगारांच्या घरातले प्रभाकर पाचपुते कोळशानेच भिंतींवर अजस्र चित्रं काढतात. डोक्याच्या जागी दिवा, धडाच्या जागी यंत्र अशी त्यांची माणसं व्हेनिसपर्यंत गेली, २०२१ चा आर्टेस मुंडी पुरस्कार त्यांना इतर पाच जणांसह मिळाला. त्यांच्यावर इंग्रजीत जेवढं छापून आलं त्याच्या पासंगालाही मराठीतलं लेखन पुरत नाही. हा दोष चित्रकाराचा खचितच नाही.

प्रयत्न झालेत. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवलं, लोकांशी बोलत, प्रश्नांना उत्तरं देत. मूळ चित्रं हलवायची म्हणजे पेट्या, विमा, पहारा, सगळंच आलं. असा घाट दर वर्षी घालणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं.

ठशांना मात्र यातलं काहीच लागत नाही. आणि ठशांचा वारसा तर मुंबईतच आहे: दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद १९४६ पासून पुढे आयुष्याची बरीचशी वर्षं अंधेरीत राहिले. गरिबीत, लिनोकट कापत, मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत. १९७८ मध्ये ते गेले. शांघायचा तो उन्हाळी वर्ग आणि ग्वांगजूचे ठसे यांच्या मधला दुवा आपल्या लोकल गाडीच्या वाटेवर राहत होता आणि आपल्याला त्याची दखल नाही. ‘आशियाई कलेचं केंद्र’ व्हायची मुंबईची हौस खरी असेल, तर तिची सुरुवात रेसकोर्सवरच्या तंबूपेक्षा इथून करता येईल. चित्तप्रसाद, बंगालचेच ठसेकार सोमनाथ होर, चिनी वुडकट, हाँग सुंग-दाम, पांगरोक सुलाप: या ठशांचं एक फिरतं प्रदर्शन. संग्राहकाची मूळ प्रत हवी असा हट्ट नसेल तर परवानगी घेऊन केलेल्या पुनर्मुद्रित प्रती चालतील, या माध्यमाचा स्वभावच तो आहे. त्या गुंडाळून एका नळकांड्यात मावतात, एसटीच्या पार्सलने जातात. टांगायला दोरी आणि चिमटे लागतात. सोबत एक फळी, शाई आणि पटाशी ठेवली तर मुलं तिथल्या तिथे स्वतःचा ठसा काढू शकतील. सोलापूरच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या नगरवाचनालयाच्या सभागृहाला एवढं परवडतं.